तैलरंगांची सुरुवात कुठून आणि कशी करावी?

कोरा_कॅनव्हास

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं जलरंगात काम करतेय, आता तैलरंग शिकायचं मनावर घेतलंय. पण व्हिडिओ बघून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच. कुणी म्हणतं टर्पेंटाइनशिवाय गत्यंतर नाही, कुणी म्हणतं त्याला हातही लावू नका. कुणी चार ट्यूबांत अख्खं पोर्ट्रेट रंगवतं, तर कुणाच्या टेबलावर रंगांची रांगच लागलेली असते.

माझ्याकडे स्वतंत्र स्टुडिओ नाही. राहत्या खोलीतच एका कोपऱ्यात बसणार, खिडकी एकच आणि घरात लहान मूल आहे. अशा जागेत तैलरंग करावेत का? सुरुवातीला नेमकं काय आणू, कशावर रंगवू? आणि तो 'फॅट ओव्हर लीन' नियम कुणी नीट समजावून सांगेल का? नुसता पाठ करून उपयोग नाही, त्यामागचं कारण कळायला हवंय.

जवस

कारण विचारलंत ते फार बरं केलंत, कारण एक गोष्ट पक्की समजली की बाकीचे निम्मे नियम आपोआप सुचतात.

जलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तैलरंगाचं तसं नाही. त्यातलं तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, तेलाचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. म्हणजे जलरंग वाळताना हलका होतो, तर तैलरंगाचं वजन सुरुवातीला चक्क थोडं वाढतं. पातळ थर हाताला कोरडा लागायला साधारण दोन दिवसांपासून आठवड्याभरापर्यंत वेळ लागतो, जाड थराला आणखी बराच. आणि हाताला कोरडा लागला म्हणजे आतून पक्का झाला असं नाही. आतलं काम पुढे कित्येक महिने चालूच राहतं.

आता तुमचा 'फॅट ओव्हर लीन'. ज्या थरात तेल जास्त तो लवचिक राहतो आणि सावकाश सुकतो. ज्यात कमी तो लवकर सुकतो आणि टणक होतो. खाली तेलकट थर आणि वर कोरडा टणक थर दिला, तर वरचा आधी घट्ट होऊन बसतो आणि खालचा अजून हालचाल करत असतो. त्या ओढाताणीत वरच्या थराला भेगा पडतात. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे क्रमाक्रमाने जास्त तेलाचे. एका बैठकीत ओल्यावर ओलं रंगवून चित्र पुरं करणार असाल तर हा नियम तुम्हाला लागूच होत नाही, कारण सगळा एकच थर आहे. सुरुवातीला नेमकं हेच करा असं माझं ठाम मत आहे. छोटं चित्र, एक बैठक, एक थर.

यातूनच तेलाचाही उलगडा होतो. जवस, अक्रोड, करडई, खसखस यांची तेलं सुकतात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, ते रंगात मिसळलं तर चित्र चिकट राहील ते राहीलच. जवसाचं तेल सर्वांत मजबूत पापुद्रा देतं, पण थोडं पिवळं पडतं. करडईचं आणि खसखशीचं कमी पिवळं पडतं, पण सावकाश सुकतं आणि पापुद्रा तितका दणकट नसतो. म्हणून पुष्कळ कंपन्या पांढरा रंग करडईच्या तेलात घोटतात. हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' जवसाचं तेल मात्र चित्रासाठी घेऊ नका. त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ते पुढे फार काळवंडतं. 'रिफाइन्ड' किंवा 'कोल्ड प्रेस्ड' लिहिलेली चित्रकारांसाठीची छोटी बाटली आणा, ती पुष्कळ पुरते.

सावली

जवस यांनी विज्ञान सांगितलं, मी खोलीबद्दल लिहिते, कारण लहान मूल घरात आहे हे वाचल्यावर राहवलं नाही.

तैलरंगाचा त्रास बहुतेक करून रंगाचा नसतोच, द्रावकाचा, म्हणजे रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला वापरतात त्या टर्पेंटाइनसारख्या द्रवाचा असतो. टर्पेंटाइनच्या वाफेने डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, काहींना त्वचेवर ॲलर्जी येते. 'ओडरलेस' मिनरल स्पिरिट त्यापेक्षा सौम्य, पण वास येत नाही म्हणजे वाफ होत नाही असं समजू नका. ती होतच असते, फक्त नाकाला कळत नाही. झोपायच्या खोलीत, एका खिडकीवर, मूल असताना मी द्रावक ठेवणारच नाही.

आणि ठेवायची गरजही नाही. ब्रश धुवायला करडईचं किंवा जवसाचं तेल वापरा. आधी चिंधीने ब्रश कोरडा पुसायचा, मग तेलात बुडवून पुन्हा पुसायचा, असं दोन-तीनदा, आणि शेवटी साबण. चित्र रंगवताना रंग पातळ करायचा असेल तर द्रावक घालण्याऐवजी ट्यूबमधला रंग तसाच घ्या आणि राठ ब्रशने कॅनव्हासवर घासून पातळ पसरवा. पहिल्या थराला एवढं पुरतं. पुढच्या थरांना तेलाचे दोन-चार थेंब. नियम आपोआप पाळला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचं. तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवस यांनी लिहिलंय ना, तेल ऑक्सिजन शोषतं. त्या क्रियेत उष्णता तयार होते. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते, पण बोळ्यात ती अडकते, तापमान वाढत जातं, वाढलेल्या तापमानाने क्रिया आणखी वेगाने होते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. काडी नको, ठिणगी नको. ही ऐकीव भीती नाही, अशा आगी खरोखर लागतात. चिंध्या बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, कडक झाल्या की मग टाका. ते जमत नसेल तर पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. कागदी टॉवेललाही हेच लागू.

रंगवताना हाताला पातळ हातमोजे घाला, जवळ खाणंपिणं नको, ब्रशचं टोक ओठात धरून टोकदार करायची जलरंगवाल्यांची सवय इथे कटाक्षाने सोडा. कॅडमियम या विषारी धातूचे रंग ओले असेपर्यंत निर्धास्त वापरा, पण वाळलेला थर कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका. आणि पॅलेट मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर.

गेरू

सावलीताईंच्या चिंधीच्या मुद्द्याला दहादा अनुमोदन. वर्गात सगळ्यात आधी हे शिकवायला हवं.

मी रंगांबद्दल लिहितो. माझी यादी पाच ट्यूबांची: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि एक लाल. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या, तो बाकी सगळ्यांपेक्षा दुपटीने संपतो. बाकीच्या ३७ किंवा ४० मिलीच्या.

नावावर जाऊ नका, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड असतो तो वाचा. नाव कंपनी आपल्या मर्जीने देते, कोड सगळीकडे एकच. टायटॅनियम व्हाइट म्हणजे पीडब्ल्यू ६, अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, खरा बर्न्ट सिएना पीबीआर ७. कोड एकच असेल तर तो रंग मिश्रणात स्वच्छ वागतो. तीन-चार कोड दिसले तर ट्यूबमध्ये आधीच मिश्रण आहे, त्यात आणखी दोन रंग घातले की चिखल होणारच. नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असेल तर ते मूळ महागड्या द्रव्याऐवजी दुसऱ्या द्रव्यांतून साधलेलं साम्य असतं. वाईट असतंच असं नाही, पण वागणूक वेगळी असते.

दोन ठिकाणी जपा. जुना अलिझरिन क्रिम्सन, पीआर ८३, उजेडात फिका पडतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोनचा लाल, पीव्ही १९, घ्या. आणि झिंक व्हाइट, पीडब्ल्यू ४, दिसायला सुंदर असला तरी त्याचा थर वर्षं जातील तसा ठिसूळ होतो, खालच्या थरापासून सुटूही शकतो. पांढऱ्यात मिसळलेला असतो तेव्हा कोड वाचल्याशिवाय कळत नाही.

विद्यार्थी दर्जाचे रंग चालतील का, हा प्रश्न येणारच. चालतात, पण त्यात भरणी जास्त आणि रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे पांढरं मिसळलं की रंग लगेच मिळमिळीत होतो आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच चुकतंय. मी तरी सांगेन, बारा स्वस्त ट्यूबांपेक्षा पाच चांगल्या घ्या.

निळाई

गेरूदादा, पाच ट्यूबांबद्दल थोडं वेगळं मत मांडते.

मर्यादित पॅलेटचं नाव काढलं की सगळे स्वीडिश चित्रकार आंदर्श झोर्न यांचं उदाहरण देतात. त्यांच्या १८९६च्या आत्मचित्रात हातातल्या पॅलेटवर पांढरा, यलो ऑकर, शेंदरी लाल आणि काळा एवढेच चार रंग दिसतात. त्यातला काळा पांढऱ्यात मिसळला की थंड करडा होतो आणि ऑकरशेजारी ठेवला की डोळ्याला तो निळाच वाटतो. हे एकदा तरी करून बघाच, रंग शेजाऱ्यावर किती अवलंबून असतो ते पटतं. चेहऱ्याला, घरातल्या उजेडाला हे चार रंग उत्तम. पण झाडं आणि आभाळ रंगवायचं असेल तर हात बांधल्यासारखं होतं, आणि स्वतः झोर्ननीही काही सगळी चित्रं याच चार रंगांत केलेली नाहीत.

कोरा_कॅनव्हास जलरंगातून येतायत, त्यांना स्वच्छ हिरवा आणि जांभळा मिसळायची सवय असणार. ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून येणारा हिरवा शांत, मातकट असतो. त्यासाठी एक थंड लिंबासारखा पिवळा आणि हवा तर थॅलो ब्ल्यू, पीबी १५, एवढी भर मी घालेन. थॅलो फार जोरकस आहे हे लक्षात ठेवा, सुरीच्या टोकाएवढा घेतला तरी सगळं मिश्रण गिळतो.

गेरू

निसर्गचित्र करायचं असेल तर लिंबू पिवळा मान्य. थॅलो पहिल्या महिन्यात नकोच असं माझं मत कायम आहे. तो ब्रशच्या मुळाशी बसतो आणि पुढच्या प्रत्येक रंगात डोकावतो.

सुरी

रंग कोणते यावर चर्चा छान चाललीय, पण ते मिसळायचे कसे हे कुणी लिहिलं नाही. पॅलेट नाइफ घ्या आणि ब्रशने रंग मिसळायची सवय लावूच नका. ब्रशने मिसळलं की रंग केसांच्या मुळाशी जातो, मिश्रण अर्धवट राहतं आणि लागतं तेवढं कधीच तयार होत नाही.

एक गोष्ट आधी करून बघा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना साधारण सारखे घ्या, सुरीने दाबून, उचलून, पुन्हा दाबून एकजीव करा. ढीग जवळजवळ काळा दिसेल. आता त्यातला थोडासा सुरीच्या कडेने पांढऱ्या कागदावर ओढा. ओढलेल्या पातळ पट्टीत कळतं की तो काळा निळ्याकडे झुकलाय की तपकिरीकडे. निळसर असेल तर चिमूटभर सिएना घाला, पुन्हा ओढा. मग त्याच ढिगातून छोटा भाग बाजूला घेऊन त्यात पांढरा घाला, त्यातून आणखी एक भाग, त्यात आणखी पांढरा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्यांची रांग तयार होते आणि तिचा एक टोकाचा भाग ऊबदार, दुसरा थंड करता येतो. ट्यूबमधल्या काळ्याने हा जिवंतपणा येत नाही.

पॅलेटबद्दल: जलरंगाची पांढरी पॅलेट इथे फसवते. पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडद वाटतो, मग आपण नकळत सगळंच फिकट मिसळतो. काचेचा तुकडा घ्या, कडा घासून बोथट करा, खाली मध्यम करडा कागद चिकटवा. काच पात्याने खरवडली की स्वच्छ. उरलेले ढीग प्लॅस्टिकच्या पातळ कागदाखाली हवा न राहील असे झाकून फ्रीझरमध्ये ठेवले तर काही दिवस टिकतात, थंडीत सुकण्याची क्रिया मंदावते. घरात मूल आहे म्हणून सांगतो, ते बंद डब्यात आणि डब्यावर ठळक चिठ्ठी लावून.

कोरा_कॅनव्हास

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! द्रावक आणणार नाही हे पक्कं झालं. आता पृष्ठभागाचं सांगा. माझ्याकडे जलरंगाचा जाड, चांगल्या प्रतीचा कागद भरपूर आहे. त्यावर रंगवलं तर?

आणि ब्रश? जलरंगाचे मऊ ब्रश आहेत ते चालतील का?

जवस

थेट कागदावर नको. तेल कागदात झिरपतं, भोवती तेलाचं वलय उमटतं आणि काळ जाईल तसा कागद पिवळा, ठिसूळ होतो. कच्च्या कॅनव्हासचंही तेच, सुती असो की लिनन. तेल धाग्यांना लागलं की धागे कुजत जातात. म्हणून मधे अस्तर लागतं. ॲक्रिलिक जेसोचे, म्हणजे अस्तरासाठीच्या तयार पांढऱ्या लेपाचे, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, मधे पूर्ण वाळू द्यायचा. तुमच्या जाड कागदाला दोन्ही बाजूंनी जेसो लावलात तर तो कमी वाकतो आणि सरावाला झकास होतो. जेसोचा शेवटचा हात वाळल्यावर बारीक सँडपेपर फिरवा, पण भुकटी ओल्या फडक्याने टिपत राहा, धूळ उडायला नको.

तयार कॅनव्हास पॅड, कॅनव्हास चिकटवलेले बोर्ड हेही उत्तम. ताणलेला कॅनव्हासच हवा असं काही नाही. मोनालिसा पॉप्लरच्या लाकडी फळीवर आहे. आणि अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांमध्ये ७व्या शतकातल्या भित्तिचित्रांत सुकणारी तेलं वापरलेली आढळली आहेत. तैलरंगाची सुरुवात युरोपात १५व्या शतकात झाली असं आपण शाळेत शिकतो, त्याच्या कित्येक शतकं आधीची ही गोष्ट.

एक सावधगिरी: ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही. तेलकट पृष्ठभागावर ॲक्रिलिकची पकड बसत नाही, ते पुढे पापुद्र्यासारखं सुटतं. त्यामुळे घाई असेल तर पहिला थर ॲक्रिलिकमध्ये पातळ देऊन त्यावर तैलरंग करायला हरकत नाही.

गेरू

ब्रश: मऊ जलरंगाचे बाजूला ठेवा. तैलरंग लोण्यासारखा घट्ट असतो, मऊ केस त्याला ढकलू शकत नाहीत. डुकराच्या राठ केसांचे, किंवा तसेच ताठ सिंथेटिक घ्या. फ्लॅट दोन, एक मोठा एक मध्यम, आणि एक फिल्बर्ट, म्हणजे गोल कडेचा चपटा. बारीक गोल ब्रश शेवटच्या दहा मिनिटांसाठी. तो आधी हातात घेतला की माणूस पापण्या रंगवायला लागतो आणि कपाळ कुठे संपतं तेच ठरलेलं नसतं.

ब्रश मोठा वाटला पाहिजे, थोडी भीती वाटेल इतका. आठ बाय दहा इंचाच्या चित्राला इंचभर रुंदीचा फ्लॅट हातात धरा, तळाशी नाही तर दांडीच्या मागच्या टोकाला. मग आपोआप आकार मोठे येतात.

धुण्याबद्दल सावलीताईंनी सांगितलंय, त्यात एवढीच भर. साबण लावून ब्रश तळहातावर गोल फिरवा आणि फेस पांढरा येईपर्यंत थांबू नका. फेसाला रंग आहे म्हणजे पत्र्याच्या कोंदणात रंग उरलाय. तो तिथे घट्ट झाला की केस फाकतात आणि मग तो ब्रश कधीच एका रेषेत येत नाही. धुतल्यावर बोटांनी आकार देऊन आडवा ठेवा. ओला असताना उभा ठेवला तर पाणी दांडीत उतरतं.

निळाई

प्रत्यक्ष काय रंगवायचं त्याबद्दल. एक भांडं, एक साध्या रंगाचा कपडा, एकच दिवा बाजूने. एवढंच.

आधी कॅनव्हासचं पांढरेपण घालवा. थोडा बर्न्ट सिएना घासून पातळ पसरवा आणि चिंधीने पुसा. मध्यम उजळपणाचा ऊबदार रंग राहिला पाहिजे. मग डोळे बारीक करून वस्तूंकडे बघा. बारीक डोळ्यांनी तपशील नाहीसे होतात आणि उरतात ते तीन-चार मोठे डाग: उजेड, मधलं, सावली, सर्वांत गडद. तेवढेच डाग लावा. गडद जागा पातळ ठेवा, उजेडाच्या जागी रंग जाड. जलरंगात आपण पांढरा कागद राखून ठेवतो आणि फिकटातून गडदाकडे जातो, इथे उलट. मधल्यापासून दोन्ही टोकांना सरकायचं. जलरंगातून येणाऱ्यांना हा सगळ्यात मोठा बदल वाटतो, हाताला पटायला वेळ लागतो.

आणि चुकलं तर? चिंधीने पुसा, सुरीने खरवडा. तैलरंग दिवसभर ओला राहतो. ही त्याची अडचण म्हणून सांगतात, मला ती त्याची सगळ्यात मोठी देणगी वाटते. एक कडा दुपारी ठाम वाटली आणि संध्याकाळी खटकली तर कोरड्या ब्रशने तिच्यावरून एकदा हलकेच जायचं, ती हवेत विरते. जलरंगात ही संधी कुठे मिळते?

बाहेर जाऊन रंगवायचं असेल तर फार आनंदाचं काम आहे. १८४१मध्ये जॉन गॉफ रँड यांनी घडी होणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे आणि टोचून काढायचे. आपल्यासाठी आता ते किती सोपं झालंय. पण पहिले काही महिने घरातच, स्थिर उजेडात.

कोरा_कॅनव्हास

पहिलं चित्र झालं. एक मातीचं मडकं, मागे करडा कपडा. जेसो दिलेल्या कागदावर, निळाई यांनी सांगितलं तसं, सिएनाच्या पातळ अस्तरावर. फार मजा आली. सुरीने रंग मिसळताना हात थांबवावासा वाटेना.

आता एक शंका. रंगवताना सावल्या छान खोल, चकचकीत होत्या. हाताला कोरडं लागायला लागल्यावर मडक्याच्या गडद बाजूला मंद, राखाडी डाग दिसतायत. बाकी भाग चमकतोय. रंग खराब झाला का? आणि मी त्यावर आणखी एक थर द्यायचं म्हणतेय, कधी द्यावा?

जवस

अभिनंदन! रंग अजिबात खराब झालेला नाही. याला 'सिंकिंग इन' म्हणतात. खालच्या शोषक थराने वरचं तेल ओढून घेतलं, म्हणून पृष्ठभाग कोरडा, मंद झाला. गडद भागात जास्त जाणवतं. बर्न्ट अंबर वापरला असेल तर त्यात हे नेहमीच होतं.

त्यावर उपाय सोपा. चित्र हाताला पूर्ण कोरडं झालं की जवसाच्या तेलाचा एक थेंब चिंधीवर घ्या, मंद जागी अगदी पातळ चोळा, थोड्या वेळाने स्वच्छ चिंधीने जेवढं निघेल तेवढं पुसून काढा. खोली परत येते, आणि पुढचा थर देताना मिसळलेला रंग खालच्या रंगाशी ताडूनही पाहता येतो. पुसायला विसरू नका, तेलाचं तळं राहिलं तर तिथेच पिवळं पडेल. आणि ती चिंधी पसरूनच वाळवायची.

दुसरा थर कधी? नखाने हलकेच दाबा, खूण उमटता कामा नये, आणि स्वच्छ फडकं फिरवल्यावर रंग लागता कामा नये. प्रत्येक रंगाची चाल वेगळी. अंबर आणि इतर मातीचे रंग लवकर सुकतात, अंबरमध्ये मँगनीज असतं ते सुकण्याला वेग देतं. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम हे रेंगाळतात. म्हणून खालच्या थरात निव्वळ आयव्हरी ब्लॅक जाड लावू नका.

सावली

मडक्याच्या चित्राबद्दल वाचून फार आनंद झाला.

एक विचारायचं होतं, चित्र वाळवायला कुठे ठेवलंत? कपाटात बंद करून ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडात आणून ठेवलं की बराचसा पिवळेपणा उतरतोही. भिंतीला टेकवून, चित्राचं तोंड उजेडाकडे करून, हवा खेळेल असं ठेवा.

सुरी

दिव्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. एकच खिडकी आहे म्हणजे रात्री काम होणार. सुमारे ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्या आणि चित्र, पॅलेट दोन्हींवर त्याचा उजेड सारखा पडेल असा लावा. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग सकाळी पाहिला की निळाकरडा निघतो.

कोरा_कॅनव्हास

चित्र खिडकीपासून जरा दूर, उघड्या फळीवर ठेवलंय. दिव्याचं आजच बघते. शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला जरा मोकळं सोडते. हे मडकं आईला द्यायचंय, महिन्याभराने. तोवर वार्निश लावता येईल का? काचेची फ्रेम करू का?

जवस

नेहमीचं वार्निश इतक्या लवकर नको. पातळ चित्राला साधारण सहा महिने, जाड असेल तर वर्षभर थांबतात, कारण आतली क्रिया चालू असताना वर झाकण घातलं तर थर गुंतून बसतात आणि पुढे वार्निश काढायची वेळ आली तर रंगही निघू शकतो. आईंना तसंच द्या. चमक एकसारखी हवी असेल तर मंद जागी वर सांगितल्याप्रमाणे तेल चोळून पुसा, तेवढं पुरेल.

काचेची गरज तैलरंगाला नसते. पण तुमचं चित्र कागदावर आहे, त्याला मागून आधार लागेल. एका बोर्डवर चिकटवा किंवा जाड पाठ लावून फ्रेममध्ये बसवा, आणि काच घातलीच तर ती रंगाला टेकणार नाही एवढं अंतर मधे ठेवा. मागच्या बाजूला तारीख, वापरलेले रंग आणि 'वार्निश केलेलं नाही' एवढं पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आईंकडे गेलात की वार्निशची बाटली आणि रुंद मऊ ब्रश सोबत न्या. आधी चित्रावरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, चित्र टेबलावर आडवं ठेवा, खिडक्या उघडा आणि एकच पातळ हात द्या.